जे मरत नाही ते फळ देत नाही

शास्त्रपाठ : योहान १२ : २०-२६, मत्तय १३ : २४-३०



वल्हांडण सणासाठी यरुशलेमेत आलेल्या काही हेल्लेणी लोकांनी प्रभू येशूस भेटण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा त्याने त्यांच्यापुढे पंडितांचे तत्त्वज्ञान मांडले नाही. गव्हाच्या एका दाण्याची गोष्ट सांगितली. भूमीत पडून आपले रूप हरविण्यास जो दाणा तयार होतो त्याच्याच पोटी कणीस येते, आणि जो स्वतःला राखून ठेवतो तो निष्फळ राहतो, असा त्या बोलण्याचा आशय होता. प्रभू हे आपल्या मरणाविषयी बोलत होता. तरी त्याने दृष्टांत घेतला तो शेतातला, आणि शेतकऱ्यास तो समजावून सांगण्याची गरज नाही. शहरवासीयास जी उपमा वाटते ती कुणब्याची दर वर्षाची ओळखीची गोष्ट आहे. बी मरते म्हणून रोप येते. पाचोळा कुजतो म्हणून खत होते. शेण, पेंढा, गवत, पालापाचोळा ही सर्व मरतात, मोडतात, मातीत मिळतात, आणि त्यांच्या मरणावर पुढच्या वर्षाचे पीक उभे राहते. देवाने भूमीला हाच नियम लावून दिला आहे.

ह्या वचनाच्या प्रकाशात आज आपण आपल्या पायाखालच्या मातीकडे पाहू. कारण ह्या नियमास न जुमानणारी एक वस्तू मनुष्याच्या हातून तिच्यात शिरली आहे. ती मोडते, पण मरत नाही. ती बारीक होते, पण माती होत नाही. ती वस्तू म्हणजे प्लास्टिक.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. रायगड जिल्ह्यात पनवेलच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा महामार्गावर, कर्नाळा किल्ल्याच्या अलीकडे शिरढोण नावाचे गाव आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म ह्या गावी झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची रयत अन्नावाचून मरताना पाहून ज्यांचे अंतःकरण पेटले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडन येथे बंदिवासात ज्यांचा अंत झाला, त्या पुरुषाची जन्मभूमी म्हणून लोक शिरढोणचे नाव आदराने घेतात. जन्मभूमीची माती कपाळास लावणे ही आपल्या देशाची रीत आहे, आणि ती चांगली आहे. परंतु माती ही केवळ आठवण ठेवण्याची वस्तू नव्हे. ती जिवंत आहे. जिने एका पिढीस पोसले तिने पुढच्या पिढीसही पोसावे अशी आपली इच्छा असेल, तर कपाळास लावलेल्या मातीची हातापायांनीही काळजी घेतली पाहिजे.

ह्या तालुक्याचे मुख्य पीक भात. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृग लागताच पेरणी करावयाची, आषाढात चिखलात उभे राहून लावणी करावयाची, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी करावयाची, आणि मागे राहिलेल्या ओलीवर वाल टाकावयाचा, हा क्रम आजे-पणज्यांपासून चालत आला आहे. आपल्यापैकी कोणी नगरच्या ज्वारीच्या रानात राहतो, कोणी कोल्हापूरच्या उसात, तर कोणी जालन्याच्या कपाशीत. पिके निरनिराळी असली तरी माती कशी जगते व कशी आजारी पडते हे सर्वत्र एकच आहे. म्हणून शिरढोणच्या नावाने जे येथे सांगावयाचे आहे ते प्रत्येकाने आपापल्या शिवाराविषयी ऐकावे.

१. मातीतील न दिसणारे चाकर

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्यास मातीपासून घडविले असे आपण वाचतो. त्याच अध्यायात, बागेची मशागत करणे आणि तिची राखण करणे, अशी दोन कामे त्याच्याकडे सोपविली आहेत. मशागत आपल्या ध्यानात राहिली. राखण मात्र आपण पुष्कळदा विसरतो. राखण करावयाची तर कोणाची करावयाची हे अगोदर समजले पाहिजे.

चांगल्या शेतातील चिमूटभर माती, समजा एक ग्रॅम, हातावर घ्या. तेवढ्या मातीत शंभर कोटीपर्यंत जीवाणू असू शकतात. त्यांखेरीज बुरशीचे तंतू, शेवाळे, आणि डोळ्यांस न दिसणारे आणखी कितीतरी जीव. त्यांच्या मानाने गांडूळ म्हणजे हत्तीच म्हणावयाचा. ह्या सर्वांची कामे वाटून दिलेली आहेत. कोणी पाचोळा कुजवितात. कोणी मातीच्या कणांस चिकटवून त्यांची बारीक ढेकळे बनवितात, आणि त्या ढेकळांमधील फटींतून पाणी मुरते व हवा खेळते. कोणी हवेतील नत्र धरून पिकास खावयास देतात. हवेचे शंभर भाग केले तर सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. तरी भाताच्या किंवा वालाच्या रोपास ते स्वतः घेता येत नाही. वालाचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जीवाणू नत्र धरतात. म्हणूनच भातामागून वाल घेतला म्हणजे जमीन सुधारते, हे आपल्या वडील माणसांनी अनुभवाने ओळखले होते. भातखाचराच्या उभ्या पाण्यातील निळे-हिरवे शेवाळेही हेच काम करते, हे पी. के. डे ह्या बंगाली शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले.

पहिल्या पावसाचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. तो वास नुसत्या धुळीचा नसून मातीत राहणाऱ्या एका जातीच्या जीवाणूंचा त्यात मोठा वाटा असतो. त्याच कुळातील एका जीवाणूपासून अमेरिकेत १९४३ साली वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ ह्या तरुण विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळविले. क्षयरोगावर चालणारे ते पहिले औषध होते. मिरजेजवळील वानलेसवाडीसारख्या क्षयरोगाच्या इस्पितळांची नावे आपल्या मंडळ्यांत घरोघरी माहीत आहेत. तो रोग म्हणजे घरावरची कुऱ्हाड, असे दिवस ज्यांनी पाहिले त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्याच्यावरील पहिले औषध देवाने ढगांत नव्हे, तर मातीतील एका क्षुद्र जीवाच्या ठायी ठेवले होते.

पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना शरीराचा दृष्टांत घेतला आहे. जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही, असे तो तेथे शिकवितो. मंडळीविषयी जे खरे, ते सृष्टीविषयीही खरे आहे. बैलाचे महत्त्व सर्वांस दिसते, नांगराचे दिसते, पावसाचेही दिसते. परंतु ज्यांच्यावाचून बैल, नांगर व पाऊस ही तिन्ही व्यर्थ, ते चाकर कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. आणि जे दिसत नाही त्याच्यावर अन्याय करणे मनुष्यास फार सोपे जाते.

२. जी वस्तू मरत नाही

आता ह्या चाकरांच्या घरात काय शिरले ते पाहू. प्लास्टिकचे वय फार नाही. बेकेलाइट हे संपूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक १९०७ साली निघाले. ज्याच्या पिशव्या होतात ते पॉलिथिन इंग्लंडातील एका कारखान्यात १९३३ साली हाती लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणतीप्रमाणे तोपर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते. २०१५ पर्यंत त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता. त्या कचऱ्यापैकी शेकडा नऊ भाग पुन्हा वापरात आला, शेकडा बारा भाग जाळला गेला, आणि उरलेला शेकडा एकुणऐंशी भाग कचऱ्याच्या ढिगांत, जमिनीवर व पाण्यात पडून राहिला.

पडून राहिला ह्याचा अर्थ जसाच्या तसा राहिला असे नव्हे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, नांगराने फाटते, पायाखाली चुरते. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांस शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडातील रिचर्ड थॉम्पसन ह्यांनी २००४ साली समुद्रातील अशा कणांकडे जगाचे लक्ष वेधले, आणि पुष्कळ वर्षे लोकांस वाटत राहिले की, हे संकट माशांचे व कोळ्यांचे आहे. २०१२ साली बर्लिन येथील मथियास रिलिग ह्यांनी, जमिनीचे काय, असा प्रश्न विचारला. मग शोध सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे शेतीच्या कामी दर वर्षी १ कोटी २५ लक्ष टन प्लास्टिक वापरले जाते. जमिनीत समुद्राहून अधिक सूक्ष्म प्लास्टिक साठत आहे, असाही इशारा तिने दिला.

ते शेतात कोणत्या वाटेने येते? वाटा अनेक आहेत, आणि बहुतेक आपल्या ओळखीच्या आहेत. उकिरड्यात शेणाबरोबर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या व शांपूच्या पुड्या पडतात. उन्हाळ्यात तेच खत गाडीने शेतात जाते. खताची व बियाण्याची पोती प्लास्टिकच्या धाग्यांची असतात. ऊन लागले की त्यांचा भुगा होतो. भाजीपाल्याच्या व कलिंगडाच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरतात. तो पुष्कळदा पंचवीस-तीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून पातळ असतो. हंगाम संपल्यावर तो अखंड निघत नाही, आणि फाटलेले तुकडे नांगराखाली जातात. टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेने मणिपाल येथील उच्च शिक्षणसंस्थेच्या साहाय्याने महाराष्ट्र व कर्नाटकातील अशा शेतांची माती तपासून २०२२ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्या मातीत प्लास्टिकचे मोठे तुकडे व सूक्ष्म कण दोन्ही सापडले. शिरढोणप्रमाणे जी गावे मोठ्या रस्त्यावर आहेत त्यांस आणखी एक वाट आहे. गाड्यांची चाके झिजतात, आणि त्या झिजेचा कृत्रिम रबराचा काळा भुगा पावसाच्या पाण्याबरोबर कडेच्या जमिनीत उतरतो. पॉलिस्टरचे कापड धुतले की त्याचे बारीक धागे सुटून सांडपाण्यात जातात, आणि ते पाणी जेथे जाते तेथे तेही जातात.

आणि मातीत गेल्यावर ते करते काय? बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातीत निरनिराळ्या जातींचे सूक्ष्म प्लास्टिक मिसळून त्यांनी पाच आठवडे पाहिले. मातीची घनता बदलली, पाणी धरण्याची शक्ती बदलली, आणि जीवाणूंचे काम व मातीच्या ढेकळांची बांधणी ह्यांचा जो मेळ असतो तो बिघडला. पॉलिस्टरच्या धाग्यांचा परिणाम विशेष दिसला. म्हणजे चाकरांस कोणी मारले नाही तरी त्यांचे घर बदलले; फटी बदलल्या, ओल बदलली, हवा बदलली. मग जुने चाकर कमी होतात व दुसरेच येऊन बसतात. प्लास्टिकच्या कणाच्या पाठीवर जीवाणूंची जी वस्ती होते ती भोवतालच्या मातीतील वस्तीहून निराळी असते, असे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. त्या वस्तीत रोग उत्पन्न करणारे जीवाणू व औषधांस दाद न देण्याचा गुण बाळगणारे जीवाणूही सापडले आहेत. ज्या मातीने आपणांस औषध दिले तिच्यातच औषध निष्फळ करणाऱ्यांस बिऱ्हाड मिळावे, ही किती खेदाची गोष्ट आहे! शिवाय प्लास्टिक मऊ व्हावे म्हणून त्यात घातलेली रसायने हळूहळू पाझरतात, आणि फवारणीची औषधे त्या कणांस चिकटून राहतात.

हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली गांडुळांविषयीही असेच दाखविले. त्यांच्या पाचोळ्यात पॉलिथिनचे कण फार मोठ्या प्रमाणात मिसळले तेव्हा गांडुळांची वाढ खुंटली व अधिक गांडुळे मेली. जी जगली त्यांनी तेच कण आपल्या बिळांतून खाली नेले. बिचाऱ्या प्राण्याने आपला नेमलेला धर्मच केला. वरचे खाली नेले. त्याला काय ठाऊक की, मनुष्याने वर काय टाकले आहे!

सत्य सांगावयाचे तर सर्व प्रयोगांचे फळ एकसारखे नाही. प्लास्टिकची जात, कणाचा आकार, त्याचे प्रमाण व मातीचा पोत ह्यांप्रमाणे परिणाम बदलतो. कोठे जीवाणूंचे काम मंदावले, तर कोठे ते काही काळ वाढलेही. तेव्हा उद्याच पीक बुडेल अशी भीती घालणे योग्य नव्हे. देवाच्या नावाने खोटी भीती घालणे हे पाप आहे. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. जे आज मातीत गेले ते आपल्या हयातीत तेथून जाणार नाही, आणि दर वर्षी त्यात भर पडत आहे. कर्ज थोडे आहे म्हणून सावकार ते विसरत नाही, हे शेतकऱ्याच्या घरी सांगावयास नको.

३. निदणाचा दृष्टांत

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात एका शेतमालकाची गोष्ट आहे. त्याने चांगले बी पेरले. परंतु लोक झोपेत असता वैऱ्याने येऊन त्यात निदण पेरले. रोपे वर आल्यावर चाकरांनी निदण उपटण्याची परवानगी मागितली, तेव्हा धन्याने त्यांस थांबविले. कारण निदणाबरोबर गहूही उपटला गेला असता. त्या दृष्टांतात शेत म्हणजे जग, आणि न्याय देवाच्या हाती आहे, असा त्याचा मुख्य अर्थ प्रभूने स्वतः सांगितला. परंतु त्यात एक व्यवहाराचा बोधही आहे. मिसळण्यापूर्वी जे मूठभर होते ते मिसळल्यावर शंभर माणसांस वेचता येत नाही.

सूक्ष्म प्लास्टिक हे असे निदण आहे. अखंड पिशवी एक लहान मूल उचलील. तीच नांगराखाली जाऊन तिचे हजार तुकडे झाले की, राजाचा खजिना रिता केला तरी त्या मातीतून ती परत निघणार नाही. पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या शेतकऱ्यांस खाऱ्या पाण्याशी झुंजण्याची विद्या ठाऊक आहे. बांध घालून समुद्र थोपवावयाचा, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढावयाचे, आणि खार सोसणारे भात लावावयाचे. पनवेल येथे कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र ह्याच कामासाठी आहे. मीठ धुतले जाते. समुद्राने बिघडविलेली जमीन पाऊस पुन्हा बरी करतो. पण प्लास्टिक धुऊन काढील असा पाऊस नाही. वाहून गेले तरी ते खाडीत जाईल, आणि खाडीही देवाचीच आहे.

दृष्टांतात आणि आपल्या स्थितीत एक मोठा भेद मात्र आहे. तेथे रात्री वैरी आला होता. येथे दिवसाढवळ्या आपणच पेरणारे आहोत.

येथे कोणी म्हणेल, प्लास्टिक खाणारा जीवाणू निघाला आहे ना? होय, निघाला आहे. जपानातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली बाटल्यांचे प्लास्टिक खाणाऱ्या एका जीवाणूचा शोध प्रसिद्ध केला. त्याने प्रयोगशाळेतील उबेत एका जातीचा पातळ पापुद्रा सहा आठवड्यांत खाल्ला. देवाच्या सृष्टीत अजून किती सामर्थ्य दडले आहे ह्याची ती खूण आहे, आणि त्याबद्दल त्याची स्तुती असो. परंतु तो पिशव्यांचे पॉलिथिन खाणारा नव्हे, आणि शेतातील थंडी-पावसात काम करणारा चाकरही नव्हे. उद्या वैद्य येणार म्हणून आज विष पिणाऱ्यास आपण शहाणा म्हणू काय?

दुसरा कोणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे. प्लास्टिक आम्ही बनविले नाही. स्वस्त मिळते म्हणून घेतो. ह्या म्हणण्यात सत्य आहे, आणि ते झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. वस्तू बनवून नफा घेणाऱ्याचा दोष, ती दोन रुपयांस विकत घेणाऱ्या गरिबाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. म्हणूनच सरकारांस कायदे करावे लागले. २६ जुलै २००५ च्या पुरात पिशव्यांनी मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा राज्याचे डोळे उघडू लागले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी पिशव्यांवर व एकदाच वापरून टाकावयाच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी घातली. एकदा वापरावयाच्या ठराविक वस्तूंवर भारत सरकारची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. कारखानदारांनी आपला कचरा परत घ्यावा असाही नियम आहे. तो नियम पाळला जावा म्हणून ग्रामसभेत उभे राहून विचारणे हे नागरिकाचे काम आहे, आणि ख्रिस्ती मनुष्याने त्यात मागे राहू नये. परंतु दुसऱ्याचा दोष मोठा आहे म्हणून आपला हात धुण्याची मोकळीक आपणांस मिळत नाही. पिलाताने पाणी मागवून हात धुतले होते. ते धुणे देवापुढे मान्य झाले काय?

४. पश्चात्तापाची फळे

पश्चात्तापास शोभतील अशी फळे द्या, असा उपदेश ऐकून लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास, मग आम्ही काय करावे, असे विचारू लागले. त्याने त्यांस मोठी तपश्चर्या सांगितली नाही. ज्याच्या त्याच्या धंद्यातील साधे कर्तव्य सांगितले. आपणही साध्याच गोष्टी बोलू.

पहिली गोष्ट, उकिरडा स्वच्छ ठेवावा. घरातील ओला कचरा व शेण एकीकडे, आणि प्लास्टिक दुसरीकडे, हे वेगळे करणे घरातच सोपे आहे. शेतात गेल्यावर अशक्य आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी १९२४ ते १९३१ पर्यंत इंदूर येथे राहून कुजलेल्या खताची जी पद्धत जगास दिली, ती त्यांनी पुष्कळशी आपल्याच देशातील शेतकऱ्यांपासून शिकलेली होती. जे कुजते तेच खत, हा तिचा पाया आहे. ज्या घरात आई मुलास हे शिकवील त्या घराने मातीची अर्धी राखण केली असे समजावे.

दुसरी गोष्ट, मल्चिंग पेपर वापरावा लागला तर तो जाड घ्यावा, आणि हंगाम संपताच, ठिसूळ होण्यापूर्वी, नांगर घालण्याअगोदर गोळा करावा. जेथे जमेल तेथे भाताचा पेंढा, गवत किंवा पाला अंथरावा. तोही ओल धरतो व तण दाबतो, आणि शेवटी मरून माती होतो. पेंढा गुरांस हवा, हे खरे. म्हणून जेथे जमेल तेथे असे म्हटले आहे.

तिसरी गोष्ट, राब भाजताना पिशव्या, पोती व पेपर त्या ढिगात टाकू नयेत. जळताना त्यांचा विषारी धूर मुलांच्या छातीत जातो, आणि अर्धवट जळलेले तुकडे नेमके भाताच्या कोवळ्या रोपांखाली राहतात.

चौथी गोष्ट मंडळीची आहे. कापणीच्या सणास आपण भूमीचे प्रथमफळ देवाच्या घरी आणतो. धान्याची रास, भोपळे, केळी, अंडी वेदीपुढे मांडतो, आणि भूमीच्या दात्याचे उपकार मानतो. त्या दिवशीच्या प्रीतिभोजनानंतर देवळामागे प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे ह्यांची रास राहिली, तर पुढे उपकारस्तुती व मागे अपमान, असे होणार नाही काय? पळसाची किंवा वडाची पत्रावळ व द्रोण आपल्या वडिलांनी वापरले; शेतात पावसात डोक्यावर पानांचे इरले घेतले. ती सर्व वापरून झाल्यावर मातीत गेली, आणि मातीने त्यांची तक्रार केली नाही. ह्या वर्षी कापणीच्या सणास प्रत्येक मंडळीने पत्रावळी घ्याव्या, किंवा घरून ताट-वाटी आणावी. पंचांनी हा ठराव सणाच्या अगोदरच्या सभेत करावा. तरुणसंघाने देवळाच्या आवारातील व वाटेवरील प्लास्टिक वेचून भंगारवाल्याकडे किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीत द्यावे.

ह्याने जग बदलेल काय, असे कोणी विचारील. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने इस्राएलास सांगितले की, भूमी त्याची आहे आणि ते तिच्यात पाहुण्यासारखे राहणारे आहेत. सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा असेही फर्मावले. ज्याने एका वर्षी नांगर थांबविला त्याच्या थांबण्याने सर्व पृथ्वीस विसावा मिळाला नाही; पण जी त्याच्या स्वाधीन होती तिला मिळाला. हिशेब तेवढ्याचाच विचारला जाईल.

५. मरणातून जीवन

शेवटी आपण त्या गव्हाच्या दाण्याकडे परत येऊ. प्लास्टिक ही मनुष्याच्या मनातील एका इच्छेची मूर्ती आहे. न मोडणारे, न कुजणारे, न मरणारे असे काही आपणास हवे होते, आणि ते आपण बनविले. पण जे मरत नाही ते कोणास अन्न होत नाही. ते मातीत पडले तरी एकटेच राहते. त्याच्यापासून एक कोंबही येत नाही. जो मनुष्य स्वतःस राखून ठेवतो, आपला लाभ, आपली सोय, आपला हट्ट कशालाही मरू देत नाही, त्याचे आयुष्यही असेच असते. ते मोडून बारीक होते, पण कोणाच्या उपयोगी पडत नाही.

प्रभू येशू मात्र दाण्याप्रमाणे भूमीत गेला. धनी असून त्याने आपणास राखून ठेवले नाही. त्याला बागेतील कबरेत ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बागेत मरियेने त्याला पाहिले तेव्हा तिला तो माळी वाटला. ती चुकली, परंतु त्या चुकीतही एक सत्य आहे असे आपणांस वाटल्यावाचून राहत नाही. पहिल्या मनुष्याने बागेची राखण सोडली. दुसऱ्या आदामाने ती पुन्हा हाती घेतली. जे त्याचे आहेत ते त्याच्या बागेतले मजूर आहेत. त्यांनी पायाखालच्या मातीस तुच्छ मानू नये.

आपले लेकरू उद्या ज्या शेतात भात लावील ते शेत आज आपण त्याच्या हाती काय म्हणून देणार आहोत, ह्याचा प्रत्येक घरधन्याने व घरधनिणीने ह्या आठवड्यात गुडघ्यांवर येऊन विचार करावा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांस मातीपासून घडविलेस आणि मातीची राखण आमच्याकडे सोपविलीस. तुझे जे लहान चाकर आम्हांस दिसत नाहीत त्यांच्यावर आमच्या हातून अन्याय होऊ देऊ नकोस. जे मिसळण्यापूर्वी वेगळे करता येते ते वेळीच वेगळे करण्याची बुद्धी व शिस्त आमच्या घरांस दे. जे बनवितात व विकतात त्यांच्या अंतःकरणांत न्याय घाल. आमच्या खाचरांस, मळ्यांस व बागांस जिवंत ठेव, यासाठी की आमच्या मुलांच्या मुलांनीही तुझ्या हातची भाकर खावी. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.